अनिर्बान लाहिरी

अनिर्बान लाहिरी (२९ जून, १९८७:पुणे, महाराष्ट्र - ) हे एक भारतीय व्यावसायिक गोल्फ खेळाडू आहेत. आशियाई टूरवर त्यांनी सात स्पर्धा जिंकल्या असून २०१५ साली या टूरच्या वार्षिक मानांकन यादीत (ऑर्डर ऑफ मेरिट) त्यांनी पहिला क्रमांक मिळवला. त्याच वर्षी अमेरिकेतील पीजीए चॅम्पियनशिप स्पर्धेत ते संयुक्त पाचव्या स्थानी राहिले. तोपर्यंत गोल्फच्या कोणत्याही मेजर स्पर्धेत भारतीय पुरुष खेळाडूने याहून वरचे स्थान मिळवलेले नव्हते. प्रेसिडेंट्स चषक या सांघिक स्पर्धेत खेळणारे ते पहिले भारतीय होत. रिओ दी जानेरो (२०१६) आणि टोकियो (२०२०) या दोन ऑलिंपिक स्पर्धांत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले आहे. भारत सरकारने त्यांना २०१४ सालचा अर्जुन पुरस्कार देऊन गौरवले.

२०१४ च्या उत्तरार्धापासून मार्च २०१५ पर्यंतच्या काळात जागतिक क्रमवारीतील पहिल्या पन्नासांत येण्यासाठी आणि त्यायोगे चारही मेजर स्पर्धांत प्रवेश मिळवण्यासाठी लाहिरी यांनी केलेली वाटचाल त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाचा टप्पा मानली जाते. आशियात खेळणाऱ्या गोल्फपटूला मेजर स्पर्धांपर्यंत पोहोचणे किती अवघड असते, हेही या वाटचालीतून समजते.

प्रारंभिक जीवन

लाहिरी यांचा जन्म पुणे येथे एका बंगाली कुटुंबात झाला. त्यांचे वडील भारतीय सैन्यदलात डॉक्टर होते, तर आई इंग्रजीच्या प्राध्यापिका होत्या. वयाच्या आठव्या वर्षी त्यांनी वडिलांकडून गोल्फचे पहिले धडे घेतले. भारतात अनेक लष्करी छावण्यांना लागून गोल्फची मैदाने आहेत. एरवी या खेळाचे सभासदत्व सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे असते. मात्र सैन्यातील अधिकाऱ्यांच्या मुलांना ही मैदाने सहज उपलब्ध होतात. भारतातील अनेक नामवंत गोल्फपटू सैनिकी कुटुंबांतून आले, त्याचे हे एक कारण आहे. पुढे बंगळूर येथे वास्तव्य असताना विजय दिवेचा यांचे मार्गदर्शन त्यांना दीर्घकाळ लाभले.

हौशी खेळाडू म्हणून लाहिरी यांनी २००६ मध्ये दोहा येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत भाग घेतला. तेथे भारतीय पुरुष संघाने रौप्यपदक मिळवले. या संघात त्यांच्यासोबत गगनजीत भुल्लर, चिराग कुमार आणि जोसेफ चाकोला हे खेळाडू होते. त्यानंतर २००७ मध्ये लाहिरी व्यावसायिक खेळाडू झाले.

व्यावसायिक कारकिर्दीचा आरंभ

व्यावसायिक गोल्फमध्ये खेळाडूला नियमित पगार नसतो. तो एखाद्या टूरचा, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या स्पर्धामालिकेचा, सदस्य असतो आणि जिंकलेल्या बक्षिसांवर त्याची उपजीविका चालते. बहुतेक स्पर्धा चार दिवसांच्या असतात. दररोज १८ होलची एक फेरी खेळली जाते. दोन फेऱ्यांनंतर ठरावीक क्रमांकापर्यंतचे खेळाडूच पुढे जातात. उरलेल्यांना त्या आठवड्याचे काहीही उत्पन्न मिळत नाही. यालाच ‘कट’ चुकणे म्हणतात. प्रवास, निवास आणि कॅडीचा खर्च मात्र स्वतःलाच करावा लागतो.

लाहिरी यांनी प्रथम प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया या देशांतर्गत टूरवर जम बसवला आणि २००९ मध्ये तेथील वार्षिक मानांकनात अव्वल स्थान मिळवले. आशियाई टूरवरील त्यांचा पहिला विजय २०११ मध्ये पॅनासॉनिक ओपन इंडिया या स्पर्धेत झाला. पाठोपाठ २०१२ आणि २०१३ मध्ये त्यांनी सेल-एसबीआय ओपन ही स्पर्धा सलग दोनदा जिंकली. हे तिन्ही विजय दिल्ली गोल्फ क्लबच्या मैदानावरचे होते आणि तिन्ही वेळा निर्णय प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी झाल्यानंतर खेळवल्या जाणाऱ्या जादा होलवर, लागला. दाट झुडपांमधून गेलेल्या या अरुंद मैदानावर ताकदीपेक्षा अचूकतेला अधिक महत्त्व असते. मायदेशातील परिचित मैदानाबाहेर मात्र त्यांना २०१४ पर्यंत विजय मिळाला नव्हता.

२०१२ मध्ये आशियातील पात्रता फेरीतून ते इंग्लंडमधील रॉयल लिथम अँड सेंट ॲन्स येथे झालेल्या ओपन चॅम्पियनशिपसाठी पात्र ठरले. ही त्यांची पहिली मेजर स्पर्धा. तिसऱ्या फेरीत नवव्या होलवर त्यांचा पहिलाच फटका थेट होलमध्ये गेला (होल-इन-वन). स्पर्धेअखेर ते संयुक्त ३१व्या स्थानी राहिले.

मेजर स्पर्धा आणि त्यांची पात्रता

पुरुषांच्या व्यावसायिक गोल्फमध्ये चार स्पर्धांना ‘मेजर’ म्हणतात :

- मास्टर्स – अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा नॅशनल या एकाच मैदानावर दरवर्षी एप्रिलमध्ये होते.
- पीजीए चॅम्पियनशिप – अमेरिकेत होते. पूर्वी ऑगस्टमध्ये व २०१९ पासून मे महिन्यात.
- यू.एस. ओपन – जूनमध्ये अमेरिकेतील निरनिराळ्या मैदानांवर होते.
- द ओपन चॅम्पियनशिप – जुलैमध्ये ब्रिटिश बेटांतील समुद्रकाठच्या मैदानांवर होते. १८६० मध्ये सुरू झालेली ही सर्वांत जुनी मेजर होय.

या स्पर्धांसाठी कोणतीही राष्ट्रीय निवड समिती खेळाडू पाठवत नाही. प्रत्येक स्पर्धेचे आयोजक वेगळे असून प्रवेशाचे निकषही वेगवेगळे आहेत. यू.एस. ओपन आणि द ओपन या दोन स्पर्धा नावाप्रमाणे खुल्या आहेत; पात्रता फेऱ्या खेळून त्यांत प्रवेश मिळवता येतो. पीजीए चॅम्पियनशिपसाठी जागतिक क्रमवारीतील सुमारे पहिल्या शंभर खेळाडूंना बोलावण्याची प्रथा आहे. मास्टर्स ही मात्र निमंत्रितांची स्पर्धा आहे. तिला पात्रता फेरी नाही आणि तिची खेळाडूसंख्याही चारही मेजर स्पर्धांत सर्वांत कमी असते.

अमेरिकेतील पीजीए टूरवर न खेळणाऱ्या खेळाडूसाठी मास्टर्सचा मुख्य मार्ग जागतिक क्रमवारीतून जातो. त्या वर्षांतील नियमांनुसार हा मार्ग दोन वेळा खुला होत असे. आदल्या वर्षाच्या अखेरीस जे पहिल्या पन्नासांत असत त्यांना निमंत्रण मिळे. त्यात न बसलेल्यांना मार्चअखेर, स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यातील यादीत पहिल्या पन्नासांत येण्याची आणखी एक संधी असे. ५०व्या आणि ५१व्या क्रमांकांच्या खेळाडूंतील गुणांचे अंतर पुष्कळदा दशांश चिन्हानंतरच्या अंकांत मोजावे लागते. त्यामुळे वर्षाचे शेवटचे काही आठवडे या सीमेवरील खेळाडूंसाठी निर्णायक ठरतात.

क्रमवारीचे गणित

लाहिरी यांची वाटचाल समजून घेण्यासाठी तत्कालीन जागतिक क्रमवारीची पद्धत माहीत असणे उपयुक्त ठरते. खेळाडूने मागील दोन वर्षांत मिळवलेले गुण विचारात घेतले जात. पहिले १३ आठवडे गुणांचे पूर्ण मूल्य राही, त्यानंतर ते दर आठवड्याला समप्रमाणात घटत जाऊन दोन वर्षांनी शून्य होई. उरलेल्या गुणांच्या बेरजेला खेळलेल्या स्पर्धांच्या संख्येने भागून सरासरी काढली जाई. भाजक किमान ४० आणि कमाल ५२ धरला जाई. उदाहरणार्थ, एखाद्याचे शिल्लक गुण ८० असतील आणि त्याने ४० स्पर्धा खेळल्या असतील, तर सरासरी २.०० येते, तेवढ्याच गुणांसाठी ५२ स्पर्धा खेळल्या असतील, तर ती १.५४ पर्यंत उतरते.

या पद्धतीचे दोन परिणाम होत. पहिला असा की, क्रमवारीत कोणीही स्वस्थ बसून आपले स्थान टिकवू शकत नसे. जुने गुण दर आठवड्याला झिजत असत. दुसरा असा की, स्पर्धा कोठे खेळली यावर बरेच काही अवलंबून असे. मेजर स्पर्धेच्या विजेत्याला १०० गुण मिळत, अमेरिकेच्या पीजीए टूरवरील विजेत्याला किमान २४, युरोपीय टूरवर किमान १८, तर आशियाई टूरवर किमान १४. सहभागी खेळाडू जितके वरच्या क्रमांकाचे, तितके गुण वाढत. वरच्या क्रमांकाचे खेळाडू आशियात क्वचितच येत असल्याने आशियाई टूरवर अनेक विजय मिळवूनही खेळाडूला पहिल्या पन्नासांत पोहोचणे कठीण जाई. अधिक गुणांच्या स्पर्धांत प्रवेश मिळण्यासाठी क्रमांक हवा आणि क्रमांकासाठी त्या स्पर्धा हव्यात, अशा पेचात आशियाई खेळाडू सापडत. यातून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे आशियाई व युरोपीय टूर संयुक्तपणे भरवत असलेल्या स्पर्धा होत.

जीव मिल्खा सिंग यांचे पूर्वोदाहरण

हा पेच सोडवणारे पहिले भारतीय म्हणजे धावपटू मिल्खा सिंग यांचे पुत्र जीव मिल्खा सिंग. २००६ मध्ये त्यांनी एप्रिलमध्ये व्होल्वो चायना ओपन जिंकली होती. परंतु खरा बदल मोसमाच्या शेवटी घडला. ऑक्टोबरअखेर स्पेनमधील वाल्देरामा येथे युरोपीय टूरच्या मोसमाची अखेरची स्पर्धा, व्होल्वो मास्टर्स, त्यांनी जिंकली. पाठोपाठ नोव्हेंबरमध्ये कॅसिओ वर्ल्ड ओपन आणि डिसेंबरमध्ये गोल्फ निप्पॉन सिरीज जेटी चषक या जपानमधील दोन स्पर्धा त्यांनी जिंकल्या. वर्षअखेर ते जागतिक क्रमवारीत ३७व्या स्थानी होते. परिणामी एप्रिल २००७ मध्ये मास्टर्स खेळणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यानंतर २०११ मध्ये अर्जुन अटवाल यांना मास्टर्समध्ये खेळण्याचा मान मिळाला. पीजीए टूरवरील विंडहॅम चॅम्पियनशिपमधील विजयामुळे तो त्यांच्या वाट्याला आला होता.

२०१४–१५ : पहिल्या पन्नासांकडे

२०१४ च्या एप्रिलमध्ये लाहिरी यांनी जकार्ता येथे सीआयएमबी नियागा इंडोनेशियन मास्टर्स ही स्पर्धा जिंकली. शेवटच्या होलवर ईगल (पारपेक्षा दोन फटके कमी) साधून त्यांनी एका फटक्याने बाजी मारली. भारताबाहेरील हा त्यांचा पहिला आशियाई टूर विजय होता.

मोसमाच्या उत्तरार्धात, ऑक्टोबर २०१४ मध्ये, ते व्हेनेशियन मकाऊ ओपनमध्ये उतरले. पहिल्याच फेरीत त्यांनी ६१ फटक्यांत १८ होल पूर्ण करून मैदानावरील विक्रम नोंदवला. शेवटच्या दिवशी ऑस्ट्रेलियाचे स्कॉट हेंड आणि थायलंडचे प्रोम मीसावत यांच्यापेक्षा एका फटक्याने सरस ठरत त्यांनी स्पर्धा जिंकली. वर्षअखेर आशियाई टूरच्या मानांकनात अमेरिकेचे डेव्हिड लिप्स्की पहिले आणि लाहिरी दुसरे आले.

दोन विजय आणि दुसरे मानांकन मिळूनही वर्षअखेरच्या जागतिक यादीत लाहिरी पहिल्या पन्नासांबाहेरच राहिले. मास्टर्सचा पहिला मार्ग तेथे बंद झाला. मात्र नोव्हेंबरमध्ये त्यांनी आणखी एक पाऊल उचलले होते. युरोपीय टूरच्या पात्रता शाळेत, म्हणजे सदस्यत्वासाठीच्या सहा फेऱ्यांच्या अंतिम परीक्षेत, ते स्पेनमध्ये सहभागी झाले आणि २०१५ साठी त्या टूरचे सदस्यत्व मिळवले. आशियातील आघाडीच्या खेळाडूने नवोदितांच्या रांगेत उभे राहून ही परीक्षा देणे, यामागे वर सांगितलेले गुणांचे गणित होते.

मलेशियन ओपन

फेब्रुवारी २०१५ मधील मेबँक मलेशियन ओपन ही आशियाई व युरोपीय टूर यांची संयुक्त स्पर्धा होती. क्वालालंपूर येथील या स्पर्धेत पहिल्या दोन फेऱ्यांत लाहिरी यांचे ७० आणि ७२ फटके झाले. तिसऱ्या फेरीत मात्र त्यांनी ६२ ची फेरी खेळली. तरीही शेवटच्या दिवशी सकाळी ते आघाडीवरील ऑस्ट्रियाचे बर्न्ड वीसबर्गर यांच्यापेक्षा पाच फटके मागे होते. अंतिम फेरीत ६८ फटके घेऊन त्यांनी एकूण २७२, म्हणजे पारपेक्षा १६ कमी, अशी नोंद केली आणि एका फटक्याने विजेतेपद मिळवले. हा युरोपीय टूरवरील त्यांचा पहिला विजय. त्यानंतरच्या यादीत ते जागतिक क्रमवारीतील पहिल्या पन्नासांत दाखल झाले.

इंडियन ओपन

यानंतर दोनच आठवड्यांनी दिल्ली गोल्फ क्लबवर हीरो इंडियन ओपन झाली. हीदेखील संयुक्त स्पर्धा होती. मार्चअखेरची यादी अजून बाकी असल्याने मिळवलेले स्थान टिकवणे आवश्यक होते. तीन फेऱ्यांनंतर कोलकात्याचे एस.एस.पी. चौरासिया आघाडीवर होते आणि लाहिरी त्यांच्यापेक्षा सात फटके मागे होते. शेवटच्या दिवशी लाहिरी यांनी ६९ फटक्यांची फेरी पूर्ण केली. चौरासिया यांची आघाडी होलागणिक घटत गेली आणि दोघांचीही नोंद पारपेक्षा सात कमी अशी समान झाली. प्लेऑफच्या पहिल्याच होलवर बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) साधून लाहिरी यांनी राष्ट्रीय विजेतेपद पटकावले.

मार्च २०१५ मध्ये ते ३३व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. हा त्यांच्या कारकिर्दीतील सर्वोच्च क्रमांक होय. मास्टर्सचा दुसरा मार्ग अशा रीतीने त्यांच्यासाठी खुला झाला आणि पहिल्या पन्नास-साठ क्रमांकांना मिळणारा यू.एस. ओपन, द ओपन व पीजीए चॅम्पियनशिप यांमधील प्रवेशही सुकर झाला. मास्टर्स खेळणारे ते तिसरे भारतीय ठरले.

२०१५ मधील मेजर स्पर्धा

या वर्षी लाहिरी चारही मेजर स्पर्धांत खेळले. त्यांची कामगिरी पुढीलप्रमाणे :

- मास्टर्स (ऑगस्टा नॅशनल, एप्रिल) – संयुक्त ४९वे स्थान
- यू.एस. ओपन (चेंबर्स बे, जून) – कट चुकला
- द ओपन चॅम्पियनशिप (सेंट अँड्र्यूज, जुलै) – संयुक्त ३०वे स्थान
- पीजीए चॅम्पियनशिप (व्हिसलिंग स्ट्रेट्स, ऑगस्ट) – संयुक्त ५वे स्थान

विस्कॉन्सिन राज्यातील व्हिसलिंग स्ट्रेट्स येथे झालेल्या पीजीए चॅम्पियनशिपच्या सरावाच्या दिवसांत लांब फटक्याची स्पर्धा घेण्यात आली होती. ती लाहिरी यांनी ३२७ यार्डांच्या फटक्याने जिंकली. मुख्य स्पर्धेत त्यांनी चार फेऱ्यांत पारपेक्षा १३ कमी फटके घेतले आणि अमेरिकेचे ब्रूक्स केप्का यांच्यासह पाचवे स्थान मिळवले. ऑस्ट्रेलियाचे जेसन डे पारपेक्षा २० कमी फटक्यांसह विजेते ठरले. यापूर्वी मेजर स्पर्धेतील भारतीयाची सर्वोत्तम कामगिरी जीव मिल्खा सिंग यांची होती. २००८ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये ते संयुक्त नवव्या स्थानी राहिले होते.

वर्षअखेर लाहिरी आशियाई टूरच्या मानांकनात पहिले आले. ज्योती रंधवा (२००२), अर्जुन अटवाल (२००३) आणि जीव मिल्खा सिंग (२००६ व २००८) यांच्यानंतर हा मान मिळवणारे ते चौथे भारतीय ठरले. याच वर्षी त्यांनी अमेरिकेच्या पीजीए टूरचे सदस्यत्वही मिळवले.

प्रेसिडेंट्स चषक

अमेरिकेचा संघ आणि युरोप वगळता उर्वरित जगाचा आंतरराष्ट्रीय संघ यांच्यात दर दोन वर्षांनी प्रेसिडेंट्स चषक स्पर्धा होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये दक्षिण कोरियातील इंचॉन येथे निक प्राइस यांच्या नेतृत्वाखालील आंतरराष्ट्रीय संघात लाहिरी यांची निवड झाली. शेवटच्या दिवशीच्या एकेरी सामन्यात त्यांची गाठ क्रिस कर्क यांच्याशी पडली. सामना बरोबरीत असताना अठराव्या होलवर कर्क यांनी दूरचा पट होलमध्ये टाकला. लाहिरी यांचा सुमारे चार फुटांवरचा पट मात्र हुकला. अमेरिकेने ही स्पर्धा १५½–१४½ अशा एका गुणाच्या फरकाने जिंकली. २०१७ मध्ये पुन्हा त्यांची आंतरराष्ट्रीय संघात निवड झाली.

अमेरिकेतील कारकीर्द

पीजीए टूरवर लाहिरी यांना विजय मिळाला नाही. २०१७ मध्ये मेमोरियल स्पर्धेत शेवटच्या फेरीत ६५ फटके घेऊन ते जेसन डफनर यांच्यामागे संयुक्त दुसरे आले. पुढील काही वर्षांत त्यांचा क्रमांक घसरत गेला.

मार्च २०२२ मध्ये फ्लोरिडातील टीपीसी सॉग्रास येथे झालेल्या प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये ते ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन स्मिथ यांच्यापेक्षा अवघ्या एका फटक्याने मागे, दुसऱ्या स्थानी राहिले. या एका स्पर्धेतून त्यांना २१ लाख ८० हजार डॉलरचे बक्षीस मिळाले. स्पर्धेपूर्वी क्रमवारीत तीनशेच्याही खाली असलेले लाहिरी तिच्यानंतर पहिल्या शंभरात आले. परंतु पहिल्या पन्नासांपासून ते दूरच राहिल्याने त्या वर्षीच्या मास्टर्समध्ये त्यांना स्थान मिळाले नाही. २०१५ मध्ये दोन मध्यम दर्जाच्या विजयांनी जे साधले ते २०२२ मध्ये एका मोठ्या स्पर्धेतील उपविजेतेपदाने साधले नाही. क्रमवारी दोन वर्षांच्या सातत्याची सरासरी काढते, हे त्याचे कारण होय.

लिव्ह गोल्फ आणि पात्रतेचा प्रश्न

सप्टेंबर २०२२ मध्ये लाहिरी सौदी अरेबियाच्या आर्थिक पाठबळावर सुरू झालेल्या लिव्ह गोल्फ या नव्या मालिकेत सामील झाले. बोस्टन येथील पदार्पणाच्या स्पर्धेतच ते डस्टिन जॉन्सन आणि होआकिन निमन यांच्यासह प्लेऑफमध्ये पोहोचले. विजय जॉन्सन यांचा झाला. ब्रायसन डीशँबो यांच्या नेतृत्वाखालील क्रशर्स या त्यांच्या संघाने २०२३ मध्ये सांघिक विजेतेपद मिळवले. जुलै २०२४ मध्ये वाल्देरामा येथे ते पुन्हा प्लेऑफमध्ये गेले. तेथे त्यांना सर्जिओ गार्सिया यांच्याकडून पराभव पत्करावा लागला.

आर्थिकदृष्ट्या ही मालिका खेळाडूंना लाभदायक ठरली. मात्र सुरुवातीच्या मोसमांत तिच्यातील कामगिरीसाठी जागतिक क्रमवारीचे गुण मिळत नव्हते. परिणामी जुने गुण झिजत गेले आणि नवे जमा झाले नाहीत. ज्यांनी पूर्वी मेजर स्पर्धा जिंकल्या होत्या त्यांना माजी विजेते म्हणून प्रवेश मिळत राहिला. लाहिरी यांच्यासारख्या खेळाडूंना मात्र विशेष निमंत्रण किंवा पात्रता फेरी यांवर अवलंबून राहावे लागले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे शुभंकर शर्मा आणि गगनजीत भुल्लर खेळले. लाहिरी त्यात नव्हते.

ऑलिंपिक

१९०४ नंतर गोल्फचा ऑलिंपिकमध्ये पुन्हा समावेश २०१६ मध्ये रिओ येथे झाला. तेथे लाहिरी आणि चौरासिया हे भारताचे पुरुष खेळाडू होते.

टोकियो ऑलिंपिकची पात्रता अधिक नाट्यपूर्ण ठरली. ऑलिंपिकमध्ये पुरुष गटात ६० खेळाडू असतात. जागतिक क्रमवारीतील पहिल्या पंधरांपैकी एका देशाचे जास्तीत जास्त चार आणि त्यानंतर एका देशाचे जास्तीत जास्त दोन खेळाडू घेत ही यादी भरली जाते. साथीमुळे एक वर्ष लांबलेल्या पात्रता काळाची मुदत जून २०२१ मध्ये संपली, तेव्हा लाहिरी यांना यादीतील साठावे, म्हणजे अगदी शेवटचे, स्थान मिळाले. पुण्याचे उदयन माने हे राखीव खेळाडूंत पहिले होते. जुलैच्या आरंभी अर्जेंटिनाचे एमिलियानो ग्रिलो यांनी माघार घेतली आणि माने यांचाही समावेश झाला. देशांतर्गत टूरवर प्रामुख्याने खेळणाऱ्या माने यांनी तेथील विजयांतून जमा केलेले थोडे गुणही अशा वेळी उपयोगी पडले.

कासुमिगासेकी येथील स्पर्धेत लाहिरी पारपेक्षा पाच कमी फटक्यांसह संयुक्त ४२वे आले. माने यांनी पहिल्या फेरीतील ७६ नंतर दुसऱ्या फेरीत ६९ फटके घेतले आणि अखेरीस ते ५६व्या स्थानी राहिले.

महाराष्ट्र आणि गोल्फ

पुणे व मुंबई येथे ब्रिटिश काळापासून गोल्फची मैदाने आहेत. पूना गोल्फ क्लब आणि चेंबूर येथील बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब ही त्यांपैकी प्रमुख होत. मात्र राज्यात इतरत्र हा खेळ फारसा रुजला नाही. नाशिक शहरातील हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आजही ‘गोल्फ क्लब मैदान’ म्हणून ओळखले जाते, पण तेथे रणजी चषकाचे क्रिकेट सामने होतात. जिल्ह्यातील निफाड, चांदवड यांसारख्या तालुक्यांतील विद्यार्थ्यांना गोल्फची ओळख बहुधा अशा नावांपुरतीच असते. या पार्श्वभूमीवर पुण्यात जन्मलेले लाहिरी आणि पुण्याचे माने यांच्या एकाच ऑलिंपिकमधील सहभागाला राज्याच्या क्रीडा इतिहासात वेगळे स्थान आहे.

आशियाई टूरवरील विजय

- २०११ – पॅनासॉनिक ओपन इंडिया
- २०१२ – सेल-एसबीआय ओपन
- २०१३ – सेल-एसबीआय ओपन
- २०१४ – सीआयएमबी नियागा इंडोनेशियन मास्टर्स
- २०१४ – व्हेनेशियन मकाऊ ओपन
- २०१५ – मेबँक मलेशियन ओपन (युरोपीय टूरसह संयुक्त)
- २०१५ – हीरो इंडियन ओपन (युरोपीय टूरसह संयुक्त)

हेही पाहा

- जीव मिल्खा सिंग
- उदयन माने
- अदिती अशोक
- मास्टर्स स्पर्धा
- ऑलिंपिक खेळांतील गोल्फ